हरणं उठेपर्यंत

तोपिल्स्क, २ जुलै

आत्या,

हे पत्र प्रोकोपीच्या हाती देतोय. तो नावेतून उतरला की आधी त्याला चहा दे आणि मग वाच. नाहीतर तू वाचत बसशील आणि तो बिचारा दारात डास मारत उभा राहील.

बातमी अशी की तुझा भाचा ड्रायव्हर झाला! तीन वर्षं विजेच्या तारांखालची झाडं तोडत फिरलो. खांद्यावर करवत, पाठीवर पेट्रोल, आणि वर सगळ्यांचं 'ए हरणवाल्या, इकडे ये', 'ए हरणवाल्या, पाणी आण'. ते संपलं. कंपनीनं दलदलीत चालणारं नवं यंत्र आणलंय. चार चाकं, एकेक चाक छातीपर्यंत येणारं आणि फुग्यासारखं मऊ. चिखलातून जातं, ओंडक्यांवरून जातं, आणि खोल पाणी लागलं की बुडत नाही, तरंगतं. चाकांनीच वल्हवत पलीकडे निघतं. इतकं करून आत बसणाऱ्याचे पाय कोरडे! आमचा मुकादम रिनात यानं सगळ्यांना चालवून बघायला दिलं. एकानं ते झाडावर घातलं, दुसऱ्यानं नदीच्या मधोमध गोल गोल फिरवलं, माझ्या हातात मात्र ते शहाण्यासारखं वागलं. रिनात म्हणाला, "बस, हाच चालवणार."

आजवर तुमच्या बाजूच्या खांबांवर काही फुटलं-तुटलं की नदी गोठायची वाट बघावी लागायची, नाहीतर हेलिकॉप्टर. आता उन्हाळ्यातही जाता येणार. पुढच्या आठवड्यात तुझ्या दलदलीच्या पलीकडचेच खांब आहेत. एक कललाय, आणि दोनतीन खांबांवर तार धरणाऱ्या काचेच्या चकत्या फुटल्यात. जमलं तर वाट वाकडी करून येईन आणि तुला एक फेरी मारून आणीन.

पांढरीला माझ्या नावानं पाव दे.

तुझा
येफीम

(इथे मला आता 'ड्रायव्हरसाहेब' म्हणतात. खोटं नाही सांगत.)


लुनयाखचा काठ, ७ जुलै

ड्रायव्हरसाहेब,

प्रोकोपीला चहा दिला. त्यानं भाकरीही मागून घेतली आणि माझी सुकवलेली मासळीही संपवली, तेव्हा त्याची काळजी तू करू नकोस. तुझं यंत्र कसं आहे ते त्यानं हातवारे करून दाखवलं. पाण्यात पोहतं, जमिनीवर फेंगडं चालतं, चिखलात बसत नाही. म्हणजे बदकच की रे! एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी मिळून शेवटी बदक केलं.

तर तुझं बदक घेऊन ये, मी बसेन त्यात. पण हरणं खातात त्या शेवाळावरून आणू नकोस. ते एकदा दबलं की परत उगवलेलं बघायला मी नसेन. पाणथळीच्या कडेनं ये.

यंदा डास आणि गोमाशा इतक्या आहेत की तोंड उघडलं की घास आत. सकाळपासून हरणघरात धूर लावून बसते. कुजका भूर्ज, त्यावर ओलं शेवाळ, त्यावर मातीचं ढेकूळ, आपलं नेहमीचंच. पांढरी सगळ्यांत आधी येते घंटा वाजवत, तिच्यामागून बाकीची सगळी, आणि धुरात अशी पसरतात जशी काही मी त्यांच्या बापाची नोकर. ऊन कललं, वारा सुटला की आपणहून उठून चरायला जातात. तोवर मला जागचं हलता येत नाही. धूर ज्यानं लावला त्यानं हरणं उठेपर्यंत तो राखायचा, हे तुला मी काय सांगू. गुडघे कुरकुर करतात, पण हात अजून ठीक आहेत. धुराला हातच लागतात.

पांढरीला पाव दिला. तुझा जुना कोट खुंटीला आहे, त्याला अजून हुंगते. तिची आई मेली तेव्हा स्वतःच्या वाडग्यातलं मासळीचं पाणी पाजून तू तिला वाढवलंस. माणसं विसरतात, ती नाही विसरली.

चहा संपत आलाय. मीठही आण.

आत्या


तोपिल्स्क, १६ जुलै

आत्या,

घाईत लिहितोय. खांबाचं काम बरंचसं झालं, पण तुझ्याकडे यायचं राहून गेलं. काम चालू असतानाच रेडिओवरून बोलावणं आलं, दुसरीकडे तार पडली होती, तसंच निघावं लागलं. यंत्र छान चाललं. इथे सगळं ठीक.

चहा, मीठ आणि साखर प्रोकोपीकडे दिलीय. मोजे पण आहेत, उबदार आहेत.

येफीम


लुनयाखचा काठ, २० जुलै

येफीम,

मोजे मिळाले. जुलैत मोजे कुणी पाठवतं का रे!

या वेळी तू पांढरीला पाव दे असं लिहिलं नाहीस, आणि द्यायला पांढरीही नाही. ती आणि तिच्यामागे चालणारी सगळी गेली. ज्या दिवशी फार उकडत होतं, पान हलत नव्हतं, त्या दिवशी ती सकाळीच तारांच्या बाजूला चरायला गेली होती. धुराला बाकीची आली, ही आली नाहीत. मी वाट बघत धूर राखत बसले. दुसऱ्या दिवशी कुत्र्याला घेऊन पाणथळीच्या कडेनं हिंडले, प्रोकोपी नावेनं खालपर्यंत जाऊन आला. लांडग्याची खूण नाही, रक्त नाही, काही नाही. पायांचे ठसे तारांखाली गेलेत आणि पुढे चिखल इतका तुडवलेला की काही कळत नाही. तो चिखल तुझ्या बदकानंच तुडवलेला असणार.

तू त्याच दिवसांत तिथे होतास. काही दिसलं का? घंटा ऐकू आली का? नीट आठवून लिही. राहिलेली हरणं आता धुराला येतात तीही एकेकटी, घाबरून, मध्येच उठून जातात. पुढे चालणारीच नाही तर ती कुणाच्या मागे घरी येणार? असंच चाललं तर हिवाळ्यापर्यंत माझ्याकडे एकही राहणार नाही, आणि हरणं नाहीत तर मी इथे कशाला, हा नुसता काठ राखायला?

लवकर लिही.

आत्या


तोपिल्स्क, २९ जुलै

आत्या,

वाचून वाईट वाटलं. आम्हाला काही दिसलं नाही. आणि त्या यंत्राचा आवाजच इतका असतो की शेजारच्याचं बोलणं कळत नाही, तिथे घंटा कुठली ऐकू येणार. अस्वल असेल. यंदा अस्वलं फार आलीत असं इथे सगळे म्हणतात. रक्त पावसानं धुतलं जातं.

रागावू नकोस, पण एक सांगू का? तुझं आता वय झालं. एकटी दिवसभर धुरापाशी बसतेस, दुपारची डुलकी लागणारच. त्यात तुझा दोष नाही. धूर मंदावला की हरणं दुसरीकडे आसरा शोधतात, हे तूच मला शिकवलंस. मनाला फार लावून घेऊ नकोस.

सध्या काम खूप आहे, म्हणून येता येत नाही.

येफीम


लुनयाखचा काठ, १४ ऑगस्ट

येफीम,

तुझं पत्र वाचलं आणि आधी असा राग आला की चुलीत घालणार होते. मी आणि धुरापाशी झोपले! तुझ्या आजोबांसमोर कुणी असं म्हटलं असतं तर त्यांनी त्याला नदीत ढकललं असतं.

मग आठवायला बसले. त्या दिवशी डोकं जड होतं. पाठ टेकली होती हे आठवतं. डोळे मिटले होते का? किती वेळ? ठेवलेलं ढेकूळ जळून लाल झालेलं दिसलं ते त्या दिवशी की आदल्या दिवशी? जितकं आठवायला जाते तितकं मला मीच झोपलेली दिसते. प्रोकोपीला विचारलं, "नदीवरून माझा धूर दिसला होता का?" तो म्हणाला, "लक्ष नव्हतं गं." हा माणूस खोटं बोलत नाही, त्याला फक्त मला दुखवायचं नसतं.

तेव्हा तुझं खरं असणार. मी झोपले, धूर बसला, पांढरी आली असेल, उभी राहिली असेल, आणि गेली असेल. एवढी वर्षं तिनं माझ्या हातावर विश्वास ठेवला.

हे उलिताला कळवू नकोस. लेकीसमोर तरी लाज राहू दे. राहिलेली हरणं काल धुराला आलीच नाहीत. मी धूर लावला होता, चांगला लावला होता असं मला वाटलं, पण आता मला वाटण्याला काय अर्थ आहे?

आत्या


तोपिल्स्क, ३ सप्टेंबर

आत्या,

प्रोकोपीबरोबर बरंच सामान पाठवतोय. पीठ, लोणी, नवा दिवा, उन्हावर चालणारा आहे, आणि तुझ्या गुडघ्यांसाठी पट्टे. दोन्ही पायांचे आहेत.

तुझ्या मनात जे चाललंय ते मला कळतं. सार्दाकोवोला उलिताकडे जावंस असं मला वाटतं. तिथे दवाखाना आहे, दुकान आहे, वीज आहे. आम्ही ज्या तारा सांभाळतो त्यांचीच वीज. आयुष्यभर धुरात बसलीस, आता आराम कर. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

येफीम


सार्दाकोवो, १८ नोव्हेंबर

येफीम,

नदी गोठल्यावर प्रोकोपीनं घसरगाडीवरून मला इथे आणून सोडलं. त्याचा स्वतःचा कळप आहेच, राहिलेली हरणं त्यालाच दिली. दिली म्हणजे दिली, त्याच्या खुणेनं त्यांचे कान कापले. त्यानं कापले, मी धरली. कुत्राही तिकडेच राहिला. इथे त्याला साखळीनं बांधावं लागलं असतं.

उलिता म्हणते फोनवर बोल तुझ्या येफीमशी, पण तिचं घर म्हणजे एक खोली, सगळे ऐकतात. मला कागदच बरा.

इथला विजेचा दिवा छान आहे. भिंतीवर टिचकी मारली की लागतो, त्याला हात चांगला असावा लागत नाही. चूल उलिता पेटवते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आई, तू पेटव ना, तुझ्यासारखी कुणाला जमते?" मी गेले, काडी ओढली, आणि चुलीपर्यंत नेलीच नाही. विझवून टाकली. तेव्हापासून चुलीजवळ जात नाही. इतक्या वर्षांत पावसात, बर्फात, नावेतसुद्धा जाळ केलाय मी, आणि आता आगपेटी दिसली की तोंड फिरवते. माझा हात गेला रे येफीम.

दुकानातही जात नाही. बायका विचारतात, "आत्याबाई, हरणं कुणाकडे ठेवून आलात?" एकीनं तर मला ऐकू जाईल असं म्हटलं, "म्हातारी झोपली आणि हरणं गेली." प्रोकोपीनं सांगितलेलं नाही, मला माहीत आहे. मीच पहिल्या आठवड्यात रडत रडत कुणाला तरी सांगितलं असेल.

तू बरा आहेस ना? तू हल्ली नुसतं सामान पाठवतोस.

आत्या


तोपिल्स्क, ५ जानेवारी

आत्या,

सोबत फोटो आहे. आधी तो बघू नकोस, आधी हे वाच.

आमच्या टोळीत लेन्या म्हणून एक आहे, खांबावर चढणारा. नव्या वर्षाला त्यानं सगळ्यांना काही ना काही दिलं. मला हा फोटो दिला, काचेत बसवून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसलो, मग बाहेर जाऊन बर्फात उभा राहिलो. फोटो कोटातच ठेवला, परत सगळ्यांसमोर काढला नाही.

जुलैतल्या त्या दिवशी आम्ही कललेल्या खांबापाशी होतो. पोरं वर चढलेली, दोन्ही हात कामात, आणि डासांनी त्यांचे डोळे सुजवलेले. रिनात म्हणाला, "कुणी काही करा रे, नाहीतर हे खाली पडतील." मी म्हटलं, मी करतो. कुजका भूर्ज शोधला, ओलं शेवाळ आणलं, वर ढेकळं ठेवली. तू लावतेस तसा धूर लावला. दुसरा कसा लावायचा ते मला येतही नाही. पोरं खूश झाली. आणि मग झाडांतून घंटा ऐकू आली.

पांढरी आली, आत्या. मागून बाकीची आली आणि माझ्याभोवती बसली. लेन्यानं तेव्हाच हा फोटो काढला. पांढरीनं माझ्या खिशात तोंड घातलं. खिशात पाव नव्हता.

तेवढ्यात रेडिओवर बोलावणं आलं. रिनात म्हणाला, "जाळ विझवा, रान कोरडं आहे, निघा." मी बादलीभर पाणी ओतलं. हरणं बसलेली होती, ऊन अजून चढतच होतं, आणि मी धूर विझवला आणि यंत्रात जाऊन बसलो.

तू झोपली नव्हतीस. तुझा धूर मंदावला नव्हता. खांबावरून लेन्यानं तो बघितला होता आणि मला म्हणालाही होता, "तिकडेही कुणीतरी आपल्यासारखंच डासांना वैतागलंय." ते मला माहीत असताना मी तुला डुलकीचं लिहिलं. तू विश्वास ठेवलास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी तुला गुडघ्याचे पट्टे पाठवले.

मला क्षमा कर असं लिहायचं होतं, पण हात पुढे जात नाही. उलिताला हे पत्र वाचून दाखव. दुकानातल्या बायकांनाही दाखव.

येफीम


सार्दाकोवो, १७ जानेवारी

येफीम,

फोटो बघितला. पत्र कुणाला दाखवलेलं नाही. ते माझं पत्र आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, त्यांचीच उत्तरं दे, बाकी काही लिहू नकोस आणि काही पाठवू नकोस.

धूर विझला की भर उन्हात हरणं जागेवर थांबत नाहीत. माझा धूर तिकडे चालू होता, पण पांढरी तुला सोडून माझ्याकडे येणारी नव्हती. तुझं यंत्रही धूर सोडत असणार. ती तुझ्यामागे आली असणार. तू मागे वळून बघितलंस का?

फोटोत तुझ्याबरोबरची माणसं हसताना दिसतात. कुणीतरी विचारलं असेल, ही हरणं कुणाची. तू काय सांगितलंस?

आत्या


तोपिल्स्क, २५ जानेवारी

आत्या,

बघितलं. यंत्राला आरसा आहे. पांढरी पुढे होती, बाकीची ओळीनं मागे. आम्ही सरळ हिरव्या गवतावरून गेलो, जिथे खाली नुसतं पाणी असतं तिथून. यंत्र तरंगतं म्हणून मी वळसा घातला नाही. चाकांखाली गवत दबून वाटेसारखं दिसत होतं. ती तिथे कधी पाय ठेवायची नाही, पण पुढे मी होतो. मला वाटलं वळतील. मी थांबलो नाही. मग वळण आलं आणि आरशात काही दिसेना.

आठवड्यानं त्याच वाटेनं परत गेलो. गवत फाटलेलं होतं आणि काळ्या पाण्यात शिंगं दिसत होती. अस्वलाचं लिहिलं ते त्यानंतर.

लेन्यानं विचारलं होतं. यंत्रात बसताना म्हणाला, "येफीम, तुझ्या ओळखीची दिसतात रे, कुणाची आहेत?" कानावरची तुझी खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. माझी आहेत म्हटलं असतं तर रिनात थांबला असता, तो वाईट माणूस नाही. पण पुन्हा 'हरणवाला' झालो असतो. मी म्हटलं, "कोणास ठाऊक. रानटी असतील."

येफीम


सार्दाकोवो, ९ फेब्रुवारी

येफीम,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. उलितानं विचारलं, मी सांगितलं दात दुखतोय. मग दोन दिवसांनी तिला सगळं वाचून दाखवलं. ती तुला फोन करून शिव्या घालणार होती, मी फोन काढून घेतला. शिव्या घालायच्या तर मी घालीन, माझी हरणं होती.

पण शिव्या सुचत नाहीत. पांढरी बुडाली याचं रडू येतं. थंड पाण्यात हरीण लवकर मरत नाही, ते तुलाही माहीत आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. पण त्याहून जास्त मला तुझे ते दोन शब्द लागले. हरणं मेली तर माणूस रडून मोकळा होतो. तिनं तुझ्या खिशात तोंड घातलं आणि तू म्हणालास रानटी असतील. मी तिथे उभी असते आणि कुणी विचारलं असतं, ही म्हातारी कोण, तर तू काय सांगितलं असतंस? याचं उत्तर लिहू नकोस. स्वतःला विचार.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पुढचं मला माहीत नाही.

फोटो भिंतीवर लावलाय. तू फेकून दे म्हणशील. पांढरीचा दुसरा फोटो माझ्याकडे नाही. आणि रोज बघून बघून एक गोष्ट दिसली. तो धूर. जड, जमिनीलगत, कुठे ज्वाळ नाही, हरणांच्या पाठीवरून सरकणारा. तुला मी शिकवलं तेव्हा तू दर वेळी डोळे चोळत रडायचास आणि म्हणायचास मला नाही जमणार. चांगला लावलास. हे लिहिताना माझाच मला राग येतोय, पण चांगला लावला होतास.

दिलेली हरणं मी प्रोकोपीकडे परत मागणार नाही, आपल्यात तसं करत नाहीत, आणि त्यांच्या कानावर आता त्याची खूण आहे. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "उन्हाळ्यात माझ्या हरणघरात धुरापाशी बसायला कुणी मिळत नाही." तेव्हा डास सुरू झाले की तुझी सुट्टी काढ आणि त्याच्याकडे जा. नावेनं ये, चालत ये, बदक आणायचं नाही. सकाळी धूर लावायचा आणि हरणं आपणहून उठेपर्यंत हलायचं नाही. रेडिओ वाजो, मुकादम ओरडो, काही होवो. मी पण येणार आहे, शेजारी बसणार आहे. तुझ्याशी बोलेनच असं नाही. आणि तुझ्या टोळीतलं कुणी तिथून गेलं आणि विचारलं, ही हरणं कुणाची, तर सांगायचं, प्रोकोपीची, आणि ही म्हातारी माझी आत्या. मोठ्यानं सांगायचं.

परवापासून इथे वीज नाही. तारांवर बर्फ चढून कुठेतरी तुटल्यात म्हणे, तुम्हीच जोडत असाल. सगळं गाव अंधारात आणि गारठलेलं. उलिताची विजेची शेगडी थंड, लाकडं ओली, तिनं अर्धी आगपेटी संपवली, घरभर धूर केला आणि शेवटी रडायला लागली. मी म्हटलं, सरक बाजूला. भूर्जाची साल काढली, काड्या सोलल्या, खाली जागा केली. पहिल्याच काडीला चूल पेटली, आणि धूर सरळ वर गेला. मग शेजारणी निखारे न्यायला आल्या, त्या दुकानातल्याही आल्या, आणि मी दिले.

तारा जोडताना सांभाळून चढा.

आत्या